आमच्या ड्रेनमधला लिस्टेरिया आणि रुग्णांचा लिस्टेरिया यांत ४ अक्षरांचा फरक. मग तो आमचाच की नाही?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. लगेच खाता येतील असे थंड, कापून पॅक केलेले पदार्थ बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटीत आहे. पदवीपुरती मायक्रोबायॉलॉजी शिकलो, त्यानंतर प्लेटा ओतणं आणि स्वॅब मारणं यापुढे गाडी गेली नाही. त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात तपासणीवाले आले आणि २२ ठिकाणचे स्वॅब घेऊन गेले. स्लायसरजवळ फरशीत जो ड्रेन आहे, त्यात लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस, म्हणजे अन्नातून आजार पसरवणारा जंतू, निघाला. एवढ्यानं मी घाबरलो नाही, ओल्या कारखान्याच्या ड्रेनमध्ये तो कधी ना कधी निघतोच. पण परवा सरकारी प्रयोगशाळेचं पत्र आलं. त्यांनी आमच्या आयसोलेटचं (स्वॅबमधून वेगळा काढून वाढवलेल्या जंतूचं) होल जीनोम सिक्वेन्सिंग केलं, म्हणजे त्याचा सगळा डीएनए वाचला, आणि ५ रुग्णांच्या आयसोलेट्सशी त्याचं 'जवळचं नातं' निघालं. फरक ० ते ४ एसएनपी, म्हणजे डीएनएमधली तेवढी अक्षरं बदललेली. पाचांपैकी एक रुग्ण ३ वर्षांपूर्वीचा, दोघं शेकडो किलोमीटर लांबचे.

आमचे साहेब म्हणतात, "फरक आहे ना? मग तो जंतू आपला नाही. उत्तरात तसं लिहून टाका." वर त्यांचं असंही म्हणणं की ३ वर्षांपूर्वीच्या आजाराचा आजच्या ड्रेनशी काय संबंध, आणि आपल्या तयार मालात तर लिस्टेरिया आजवर एकदाही सापडलेला नाही.

उत्तराचा मसुदा मी लिहायचाय, शुक्रवारपर्यंत. साहेबांचं म्हणणं मला पटत नाही, पण का पटत नाही ते धड सांगताही येत नाही. ४ म्हणजे थोडे की पुष्कळ?

सरळ_हिशोब

लिस्टेरियाचा जीनोम साधारण ३० लाख अक्षरांचा. त्यात फरक ४. डीएनए जुळला, चोर सापडला, विषय संपला. साहेबांना म्हणावं वकील बघा.

जेलवाली

विषय इतक्या लवकर संपत नाही हो. पण साहेबांचं तर्कटही चालणार नाही. जरा लांबण लावते, चहा घेऊन बसा.

माझी उमेदीची सगळी वर्षं जेलमध्ये गेली. अगारोज नावाच्या जेलीच्या. रुग्णाचे जंतू आणि अन्नातले जंतू एकच का, हे पाहायला तेव्हा पल्स्ड फील्ड जेल इलेक्ट्रोफोरेसिस होतं. जंतू अगारोजमध्ये मिसळून त्याच्या इवल्याशा वड्या पाडायच्या, वडीतच पेशी फोडायच्या, धुऊन धुऊन हात पांढरे करायचे, मग एन्झाइमनं डीएनए कापायचा. साल्मोनेलाला एक्सबीएआय, लिस्टेरियाला एएससीआय आणि एपीएआय. मग ती वडी जेलमध्ये बसवून १८-२० तास दिशा बदलत्या विजेवर ठेवायची. सकाळी हाती काय? डीएनएच्या तुकड्यांच्या दहा-वीस पट्ट्या. दर जेलमध्ये ठरलेल्या रकान्यांत साल्मोनेला ब्रेंडरपचा एच९८१२ हा एकच स्ट्रेन (उपप्रकार) लावायचा, म्हणजे एका शहरातलं जेल दुसऱ्या शहरातल्या जेलशी ताडता येई. १९९३ मध्ये अमेरिकेत अर्धवट शिजलेल्या हॅम्बर्गरमधून ई. कोलाय ओ१५७ पसरला, ७०० च्या वर माणसं आजारी पडली, ४ मुलं दगावली. त्यानंतर १९९६ मध्ये तिथे पल्सनेट हे प्रयोगशाळांचं जाळं उभं राहिलं, ते याच पट्ट्यांच्या जोरावर.

हे पुराण अशासाठी की पट्ट्या म्हणजे सगळा जीनोम नव्हे. एन्झाइम जिथे कापतं त्या मोजक्या जागा सोडल्या तर बाकी लाखो अक्षरांत काय आहे ते आम्हाला दिसायचंच नाही. साल्मोनेला एन्टेरिटिडिसचे ढिगानं नमुने एकाच नक्षीत येऊन पडायचे. त्यातले कुठले एका स्वयंपाकघरातून आले आणि कुठल्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही, कोण सांगणार? आणि उलटंही व्हायचं. एखादा फेज (जंतूंना लागणारा विषाणू) आत शिरला की एक पट्टी सरकायची, आणि सख्खा भाऊ परका दिसायचा. तुमच्या साहेबांना 'फरक आहे म्हणजे वेगळा' हे त्या काळातून आलेलं दिसतंय. तेव्हा पट्टी सरकली की आम्हीही पुष्कळदा तेच म्हणायचो.

सिक्वेन्सिंगमध्ये जवळजवळ सगळीच अक्षरं वाचली जातात, मग प्रश्नच बदलतो. तंतोतंत सारखे आहेत का, हा प्रश्न उरत नाही. त्यांचा सामाईक पूर्वज किती अलीकडचा, हे विचारायचं. लिस्टेरियात वर्षाकाठी एखादं अक्षर बदलतं, कधी तेही नाही. म्हणजे दोन आयसोलेट्समध्ये ४ चा फरक असेल तर त्यांच्या वाटा काही वर्षांपूर्वीच फुटल्या असाव्यात. परस्परांशी संबंध नसलेले दोन लिस्टेरिया घेतलेत तर फरक शेकड्यांनी, हजारांनी येतो.

३ वर्षांपूर्वीचा रुग्ण तुमच्या बाजूनं जात नाही, तो तुमच्या विरोधातच जातो. लिस्टेरिया ४ अंशांवरही वाढतो, हळूहळू का होईना. फरशीच्या भेगेत, ड्रेनच्या कडेला थर करून बसला की फवाऱ्यानं हलत नाही, जंतुनाशक वरवरच्या थराला लागतं. युरोपात २०१५ ते २०१८ दरम्यान गोठवलेल्या मक्यावरून लिस्टेरियाची साथ चालली होती. ऑस्ट्रिया, डेन्मार्क, फिनलंड, स्वीडन आणि ब्रिटनमध्ये मिळून जून २०१८ पर्यंत ४७ रुग्ण, ९ मृत्यू. माग हंगेरीतल्या एका फ्रीझिंग प्लान्टपर्यंत गेला. तोच स्ट्रेन तिथल्या २०१६, २०१७ आणि २०१८ अशा तिन्ही सालांच्या मालात निघाला. मधे साफसफाई, निर्जंतुकीकरण सगळं झालेलं होतं. जंतू मात्र जागचा हलला नाही.

अमेरिकेतलं आइस्क्रीमचं प्रकरण तर मला अजून अस्वस्थ करतं. २०१५ मध्ये कॅन्ससमधल्या एकाच रुग्णालयात ५ जणांना लिस्टेरिया झाला. ते तिथे दुसऱ्याच आजारांसाठी दाखल होते, आणि त्यांतले ३ दगावले. आइस्क्रीमपर्यंत माग लागल्यावर जुन्या रुग्णांचे साठवलेले जंतू काढून ताडले, तेव्हा थेट २०१० पासूनचे रुग्ण त्या साथीत येऊन बसले. चार राज्यांत मिळून १०. पाच वर्षांत एखाददुसरा रुग्ण इथे, एखाददुसरा तिथे. जीनोम नसता तर त्यांची गाठ कुणीही घातली नसती.

आता तुमचा 'माल कधीच पॉझिटिव्ह नाही' हा मुद्दा. लॉटमागे किती पाकिटं तपासता? ५? प्रत्येकातून २५ ग्रॅम? समजा शंभरात एक पाकीट दूषित आहे. ५ पाकिटं तपासून ते हाती लागण्याची शक्यता जेमतेम ५ टक्के. तुमचे अहवाल खोटे नाहीत, पण त्यावर 'माल शुद्ध आहे' असं लिहू नका.

सरळ_हिशोब, तुमच्यासाठी इतकंच: हे दोन जंतू जवळचे नातलग आहेत, एवढंच जीनोम सांगतो. कारखान्यातून रुग्णाकडे गेला, की दोघांकडे तिसरीकडूनच आला, हे त्या अक्षरांत लिहिलेलं नसतं. जमिनीच्या कागदपत्रावरून भाऊबंदकी कळते, भांडण कुणी काढलं ते कळत नाही.

कमांडलाईन

ताईंशी सहमत. मी या माहितीचं विश्लेषण करतो, म्हणून त्या '४' या आकड्याबद्दलच बोलतो.

तो आकडा वजनकाट्यावरच्या आकड्यासारखा नसतो. त्याच कच्च्या फाइल्स विश्लेषणाच्या दोन वेगळ्या पाइपलाइनमधून (सॉफ्टवेअरच्या साखळ्यांमधून) काढा, एकीत ४ येईल, दुसरीत ७. तुलनेसाठीचा रेफरन्स जीनोम किती जवळचा घेतला, फेजचे भाग झाकले की नाही, किती वेळा वाचलेलं अक्षर ग्राह्य धरलं, सगळ्यानं आकडा हलतो. फेज किंवा पुनर्संयोजनाचा (दुसऱ्या जंतूकडून आलेल्या डीएनएचा) एक तुकडा आत आला की एका झटक्यात डझनभर 'फरक' दिसतात, घटना मात्र एकच. काही प्रयोगशाळा एसएनपी मोजतच नाहीत, जनुकं मोजतात. लिस्टेरियासाठी १७४८ जनुकांची ठरलेली यादी आहे. त्यातली किती जनुकं वेगळी ते बघायचं, आणि ७ पर्यंत फरक असेल तर एक गट धरायचा असा प्रघात आहे. म्हणून एका अहवालातले ४ एसएनपी आणि दुसऱ्यातले ४ अलील (वेगळी निघालेली जनुकं) शेजारी ठेवून तुलना करू नका.

'किती एसएनपीपर्यंत जुळलं म्हणायचं' असं कुणी ठणकावून सांगितलं तर जरा सावध व्हा. इंग्लंडमध्ये साल्मोनेलाला ५ एसएनपीची चाळणी लावतात, पण ती चौकशी सुरू करायची खूण आहे, निकाल नव्हे. जंतू कुठला, साथ आठवड्याची की दशकाची, यावर उंबरठा सरकतो. आठवडाभराच्या साथीत ४ जरा जास्त वाटतील. एखाद्या प्लान्टमध्ये वर्षानुवर्षं ठाण मांडलेल्या जंतूत १५ सुद्धा वावगे नाहीत.

प्रयोगशाळेला पत्र लिहा आणि झाड मागा, म्हणजे या जंतूंचा वंशवृक्ष. आकडा नको, झाड. ५ रुग्ण आणि तुमचा ड्रेन एका फांदीवर आहेत, ठीक. पण त्या फांदीच्या बाहेरचा सर्वात जवळचा शेजारी किती लांब आहे? ३०० एसएनपी लांब असेल तर ४ ला वजन आहे. ६ एसएनपीच लांब असेल आणि तो भलत्याच देशातला असेल तर गोष्ट वेगळी. अमेरिकेच्या एनसीबीआय या जैविक माहितीच्या सरकारी केंद्राचं पॅथोजेन डिटेक्शन नावाचं पान कुणालाही फुकट बघता येतं. जगभरातून आलेले जीनोम त्यात रोज नव्यानं गटांत लावले जातात. तुमचा आयसोलेट तिथे चढवला असेल तर शेजारी तुम्हीच बघू शकाल.

काय_खाल्लंत

माझं काम रुग्णांना फोन करून 'गेल्या चार आठवड्यांत काय काय खाल्लंत' विचारायचं. परवा दुपारी काय जेवलात ते आठवतंय का तुम्हाला? लिस्टेरियाची लक्षणं दिसायला कधीकधी ७० दिवस लागतात. समोरचा माणूस ऐंशीचा, नाहीतर बाळ गमावलेली आई. फोन उचलणारा बऱ्याचदा मुलगा किंवा सून असते, आणि पेशंट स्वतः उत्तर देण्याच्या अवस्थेत नसतो.

म्हणून जीनोमचा मला आधार वाटतो. पूर्वी महिन्याभराचे सगळे लिस्टेरिया रुग्ण एका यादीत घेऊन फोन करायचो आणि उत्तरांचा नुसता गोंधळ व्हायचा, कारण त्यात चार वेगवेगळ्या उगमांचे रुग्ण मिसळलेले असायचे. आता प्रयोगशाळा सांगते, हे ६ एकत्र बघा, बाकीचे बाजूला ठेवा. सहा जणांच्या याद्यांत एक पदार्थ पाच वेळा आला की कान टवकारतात.

पण फोनही लागतोच. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये लिस्टेरियाची जगात नोंद झालेली सर्वात मोठी साथ आली, १०६० रुग्ण आणि २०० हून अधिक मृत्यू. सिक्वेन्सिंगनं लवकरच कळलं की तपासलेल्या दहातले नऊ जंतू एसटी६ या एकाच प्रकारचे आहेत. म्हणजे उगम बहुधा एक, देशभर जाणारा. पण कुठला? ते जीनोमला सांगता येईना. जानेवारी २०१८ मध्ये सोवेटोच्या रुग्णालयात एकाच पाळणाघरातली ९ मुलं जुलाब-तापानं आली. डॉक्टरांनी शंका घेतली, माणसं पाळणाघरात गेली आणि तिथल्या फ्रिजमधला पोलोनी, म्हणजे शिजवलेल्या मांसाचा जाडजूड सॉसेज, उचलून आणला. त्यात एसटी६ निघाला. तिथून माग काढत कारखाना गाठला आणि ४ मार्च २०१८ ला सरकारनं नाव जाहीर केलं. रुग्णांच्या जीनोमनं गट बांधला, पण दरवाजा उघडला तो ९ मुलांच्या फ्रिजनं.

आणि जर्मनी, २०११. ई. कोलाय ओ१०४, पन्नासावर मृत्यू. आधी स्पेनच्या काकड्यांवर आळ आला, कारण काकड्यांवर विषारी ई. कोलाय खरोखरच सापडला होता. प्रकार तपासला तर तो साथीचा जंतूच नव्हता. तोवर स्पेनच्या शेतकऱ्यांचं व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. जूनच्या सुरुवातीला जीनोमही वाचून झाला, जगभरच्या लोकांनी इंटरनेटवर बसून तो उलगडला. मोड आलेल्या मेथीचा पत्ता मात्र लागला उपाहारगृहातली बिलं, ताटांचे फोटो आणि आचाऱ्यांनी सांगितलेल्या पाककृती जुळवून. संशयित बियांत तो जंतू शेवटपर्यंत मिळाला नाही.

रात्रपाळी, तुमच्या पाच रुग्णांनी तुमचा माल खाल्ला होता का, हे पत्रात आहे का?

रात्रपाळी

ताई, सगळ्यांचेच आभार. पत्र पुन्हा वाचलं. दोघांच्या घरच्यांनी आमच्या प्रकारचा पदार्थ आणल्याचं सांगितलंय, ब्रँड आठवत नाही. तिघांची माहिती नाही.

एक शंका. आमचा एक कच्चा माल ज्याच्याकडून येतो तो आणखी तीन-चार कारखान्यांना पुरवतो. जंतू मुळात त्याचाच असेल आणि आमच्या ड्रेनमध्ये नुसता वाहून आला असेल तर? साहेबांना हे सांगितलं, त्यांचा चेहरा एकदम खुलला.

जेलवाली

शक्य आहे, आणि ही शंका साहेबांच्या पहिल्या मुद्द्यापेक्षा शंभरपट चांगली. मी म्हटलं ना, तिसरीकडून दोघांकडे आला असेल तरी अक्षरं अशीच जुळतील. पण ते लिहायचं तर तपासून लिहा.

कच्चा माल जिथे उतरतो तिथून स्वॅब घ्यायला सुरुवात करा, मग शिजवण्याच्या आधी, मग शिजवल्यानंतर. शिजवण्यापूर्वीच्या भागात तो भरपूर आणि नंतर कुठेच नाही, असं निघालं तर पुरवठादाराकडे बोट दाखवायला जागा आहे. नंतरच्याच भागात घर करून बसलेला निघाला, तर सुरुवातीला कुणाकडूनही आलेला असो, आज तो तुमचा भाडेकरू आहे. दुसरी खूण झाडात दिसेल. तुमच्या प्लान्टमधले आयसोलेट्स आपापसांतच थोडे पसरलेले असतील, आणि रुग्ण त्या पसाऱ्याच्या आतल्या फांद्यांवर बसत असतील, तर जंतू तुमच्याकडे बराच काळ राहतोय आणि तिथूनच बाहेर गेलाय, असं वाचतात. एका ड्रेनच्या एका आयसोलेटवरून हे सांगता येणार नाही.

आणि फक्त ड्रेनभोवती घुटमळू नका. ड्रेन शेवटचं टोक, तिथे सगळं वाहून जमतं. वर बघा. स्लायसरची पाती सोडून आतले भाग, पट्ट्याखालचे पोकळ रोलर, रबरी सील, कंडेन्सेशन ठिबकतं ती जागा. उत्पादन चालू होऊन काही तास झाल्यावर स्वॅब मारा, सकाळी धुतल्या धुतल्या नको. धुतलेल्या यंत्रावर तो लपलेलाच असतो, यंत्र हललं की बाहेर येतो.

सरळ_हिशोब

माझं 'विषय संपला' मागे घेतो. पण वकील बघाच.

रात्रपाळी

शुक्रवार झाला. उत्तर गेलं. 'फरक आहे म्हणून आमचा नाही' हे वाक्य मी खोडलं. साहेब दहा मिनिटं बोलले नाहीत, मग सही केली. त्याऐवजी तीन गोष्टी लिहिल्या: नातं मान्य, दिशा अजून सिद्ध झालेली नाही, आणि ती शोधण्यासाठी आम्ही स्वतः स्वॅब घेतोय. झाडाची प्रत आणि विश्लेषणाची पद्धत मागितली. ती लाइन तोवर बंद ठेवायची आणि आधी निघालेल्या मालाबद्दल अधिकाऱ्यांशी बोलायचं, हे मात्र साहेबांनी स्वतःहून घातलं.

काल रात्री लाइन रिकामीच चालवली आणि चार तासांनी ताईंनी सांगितलं तसे ३० स्वॅब मारले. आज पट्ट्याचे रोलर फिटरकडून काढून घेतले. त्यातला एक हलवला तर आत पाणी वाजलं. टोकाचं वेल्डिंग केसाएवढं चिरलेलं आहे. छिद्र पाडून उलटा केला, राखाडी, बुळबुळीत पाणी निघालं. वास अजून नाकात आहे. फिटर म्हणतो हा रोलर लाइन बसवली तेव्हापासूनचा. लाइन बसली त्याला सव्वातीन वर्षं झाली.

ते पाणी एनरिचमेंटला, म्हणजे जंतू वाढवायच्या द्रावणात, लावलंय. उद्या संध्याकाळी प्लेटवर घेईन.

जेलवाली

पाणी सगळं वापरून टाकू नका, निम्मं सीलबंद करून थंड ठेवा आणि अधिकाऱ्यांना आत्ताच कळवा. स्वतःहून कळवलेलं आणि त्यांना सापडलेलं यात फार फरक पडतो. रोलरही भंगारात जाऊ देऊ नका. साहेबांच्या डोळ्यांसमोरून हलवा, पण जपून ठेवा.

प्लेटवर वाढला तर एकाच कॉलनीवर थांबू नका. पाच-सहा वेगवेगळ्या उचला, प्रत्येकीला नंबर द्या, उणे ८० ला ठेवा आणि सगळ्या सिक्वेन्सिंगला पाठवा. तीन वर्षं त्या नळीत राहिला असेल तर त्याची पोरंबाळं आपापसांत थोडी वेगळी झालेली असणार. तो ३ वर्षांपूर्वीचा रुग्ण त्यांच्यात कुठे बसतो ते मला कळवा.